मर्ज कमिट नकोच, हा नियम कितपत योग्य?

धागाकर्ता: आमच्या टीममध्ये नवा नियम आलाय. गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) मुख्य ब्रँचवर, म्हणजे शाखेवर, मर्ज कमिट (दोन शाखा जोडणारी नोंद) दिसता कामा नये. प्रत्येकाने आधी रिबेस करायचं, मगच काम आत घेणार. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. रिबेसमध्ये आपल्या कमिट्स (बदलांच्या नोंदी) एकेक करून नव्या पायावर पुन्हा रचल्या जातात. पालक, म्हणजे आधीची, कमिट बदलली की हॅश (कमिटची ओळखखूण) बदलतो, म्हणजे ती वेगळीच कमिट झाली. टेस्ट चालतात त्या शेवटच्या कमिटवर. मधल्या कमिट्स त्या रूपात कोणी बिल्डही केलेल्या नसतात, तरी इतिहासात मात्र ऐटीत उभ्या. मर्ज कमिटला दोन पालक असतात, त्यामुळे काम कुठून फुटलं आणि कुठे मिळालं याची खरी नोंद राहते. ती पुसायची कशाला?

सरळरेषा: अजिबात पटलं नाही. सहा महिन्यांनी बग शोधायला बसलात की कळेल. बायसेक्ट (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी कमिट शोधणं) करत गेलात आणि बोट थेट मर्ज कमिटवर आलं, तर काय करणार? दोन्ही बाजू सुट्या नीट चालतात, एकत्र आल्या की मोडतात. मग शेकडो ओळी चाळा. रिबेस केलं असतं तर तोच दोष एका लहान कमिटवर सापडला असता. आणि मधल्या कमिट्स तपासायच्या असतील तर रिबेसला एक्झेक पर्याय द्या, प्रत्येक कमिटनंतर टेस्ट चालतात.

धागाकर्ता: टेस्टला अर्धा तास लागत असेल तर एक्झेक कोण देतं? प्रत्यक्षात कोणीच देत नाही. बायसेक्टलाही आता फर्स्ट-पॅरेंट पर्याय आहे, तो मर्जच्या फक्त पहिल्या पालकाच्या वाटेने जातो (गिट २.२९, वर्ष २०२०). आधी दोषी ब्रँच सापडते, मग तिच्या आत शोधायचं.

जुना मेंटेनर: लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी. तिथे दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत (नवं काम आत घेण्याच्या काळात) वेगवेगळ्या मेंटेनरांच्या, म्हणजे कोडचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांच्या, ब्रँच मर्जच होतात. कर्नलच्या मार्गदर्शिकेचा रोख स्पष्ट आहे: अजून कोणाला न दिलेलं काम रिबेस करून खुशाल नीटनेटकं करा, पण ज्यावर दुसऱ्यांनी काम उभं केलंय त्याला हात लावू नका. सरळरेषा, तुमच्या नियमात ही मर्यादा कुठे आहे? दोघं एकाच ब्रँचवर असताना एकाने फोर्स पुश केला (आपला इतिहास जबरीने वर चढवला), तर दुसऱ्याच्या कमिट्स रिमोटवरून, म्हणजे सामायिक सर्व्हरवरून, गायब होऊ शकतात. निदान फोर्स-विथ-लीज (मधे दुसऱ्याने काही चढवलं असेल तर नकार देणारा पर्याय) तरी सक्तीचं करा.

सरळरेषा: सामायिक ब्रँचबद्दल मान्य. पण मेंटेनर, त्याच मार्गदर्शिकेत मुख्य ब्रँच विनाकारण आपल्या ब्रँचमध्ये ओढू नका असंही सुचवलंय. रोज सकाळी मेन मर्ज करणारे ते वाचत नाहीत. इतिहासात जाळं होतं ते त्यांच्यामुळे.

टेस्टवाली: तुम्ही दोघंही कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) दिसतो असं धरून चाललात. मला भीती न दिसणाऱ्याची आहे. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये जुन्या नावाने नवा कॉल घातला. गिट समान पूर्वजाशी दोन्ही बाजू ताडून पाहतं. बदल एकमेकांपासून दूर, म्हणून दोन्ही मुकाट घेतं. मर्ज करा की रिबेस, कोड मोडलेलाच. ब्रँच तीन आठवडे उघडी ठेवली तर हे होणारच. दोन दिवसांत आत येईल एवढंच काम एका ब्रँचवर घ्या, आणि टेस्ट एकत्र झालेल्या कोडवर चालवा.

धागाकर्ता: टेस्टवालींचा मुद्दा उद्याच्या बैठकीत मांडतो. मर्ज कमिटवरची बंदी उठवा, हेही सांगणारच.