दिवाळी अंकांचं काम तोंडावर आलंय आणि पाठ साथ देत नाहीये, बोलून मराठी टाइप करणाऱ्यांनी मदत करा प्लीज

मंडळी, नमस्कार. लांबलचक झालंय, आधीच सांगते. आणि हे स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन डब्यांवर लॅपटॉप ठेवून उभ्याने टाइप करतेय, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या (माझ्या धंद्यातल्या बाईने हे म्हणणं म्हणजे कठीणच आहे).

मी पुण्यात घरून डीटीपी करते, म्हणजे मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावते, वय ४३, या कामात २१ वर्षं झाली. मराठी टायपिंगची ३० ची (मिनिटाला ३० शब्द) परीक्षा टाइपरायटरवर दिलेली, तेव्हा क्लासमध्ये पाठ नसलेल्या स्टुलावर तासन् तास ताठ बसायचो आणि काही दुखायचं नाही, आता चांगली जाड गादीची खुर्ची आहे तर कंबर धरून उठावं लागतं. तीन वर्षं झाली. आधी नुसती उसण भरली असं वाटायचं, आईने शेजारच्या पायाळू मुलाला बोलावून पाठीवर पाय पण लाववला, तो बिचारा लाजून लाल. मग गेल्या वर्षी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायला लागली, पायाला मुंग्या, तेव्हा एमआरआय झाला. एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, डिस्क बल्ज (मधली चकती थोडी बाहेर फुगलेली).

ऑपरेशनची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. पायातली ताकद कमी झाली, बैठकीच्या जागी बधिर वाटलं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. तसं काही नाहीये, त्यामुळे प्लीज घाबरवणारे प्रतिसाद नकोत.

आधी एका ठिकाणी ट्रॅक्शनचं (कंबर ओढून ताण द्यायचं) दहा दिवसांचं पॅकेज घेतलं, पैसे आगाऊ, उपयोग शून्य. कमरेचा पट्टाही आठ महिने लावला. आताच्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी तो काढायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ट्रॅक्शन आणि पट्टे दोन्ही सरसकट वापरू नका असंच आहे म्हणे, मग घरी येऊन मी स्वतः शोधून वाचलं, खरंच आहे. बल्ज तर न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही साधारण ३० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये दिसतो, रिपोर्ट उशाशी घेऊन झोपू नका असं त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे जरा जिवात जीव आला. आता रोज व्यायाम, सकाळ-संध्याकाळ चालणं, अर्ध्या तासाने उठणं. फरक आहे, पण तो चार तासांच्या कामापुरता. पाचव्या तासाला कळ सुरू.

खुर्चीचं सांगते, कारण पहिला सल्ला तोच येणार. हप्त्यावर घेतलेली ती मोठी गेमिंगवाली खुर्ची माझ्यासाठी चुकलीच. माझी उंची पाच फूट. पाठ टेकवली की सीटची कड पोटरीला रुतते आणि पाय लोंबकळतात, पाय टेकवले की पाठ सुटते. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, हे विकणाऱ्याने कशाला सांगावं. सध्या पाठीमागे जुन्या साडीची वळकटी आणि पायाखाली जेवायचा पाट. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून खाली मीच सेट केलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवलाय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या उपयोगी पडले.

तर मूळ प्रश्न. मला टायपिंगच कमी करायचंय. लेखक मंडळी अजून हाताने लिहितात, त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, मी मान खाली घालून फोन बघत टाइप करते. ऑगस्ट ते ऑक्टोबर एकेका अंकाचे दहा-बारा फर्मे, म्हणजे १६ पानांचा एक असे. पूर्वी दिवसाला एक फर्मा व्हायचा, आता अर्ध्यातच संपते. मुलीने गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग दाखवलं, क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एस दाबलं की माइक सुरू, भाषा मराठी करायची आणि मजकूर मोठ्याने वाचायचा. फेऱ्या मारत मारत वाचते, पाठ खूश. स्पीडही माझ्या बोटांपेक्षा जास्त. पण:

मराठीत पूर्णविराम म्हटलं की टिंब येत नाही, 'पूर्णविराम' असा शब्दच उमटतो. ते मी शेवटी एकदम फाइंड-रिप्लेस करते, स्वल्पविरामाचंही तसंच, पण अवतरणचिन्हांचं काय करता तुम्ही? कथेत संवादच संवाद असतात. आणि ण-न, ळ-ल च्या गमती होतात, माझे उच्चार की स्वस्तातला माइक, देव जाणे. कुकरची शिट्टी झाली की मी गप्प आणि नंतर कुठवर वाचलं होतं तेच विसरते.

दुसरं जास्त अवघड. माझे दोन जुने प्रकाशक अजून पेजमेकरची (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल मागतात, त्यात युनिकोड देवनागरी, म्हणजे आता फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे दिसते ती, चालत नाही, म्हणजे बोललेला मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये न्यावा लागतो. तिथे 'दुसऱ्या'चं दर वेळी 'दुसर्या' होतं, 'पुण्याच्या साऱ्या' म्हणजे तर डोक्याला ताप. ते शोधत पुन्हा दोन तास खुर्चीत, मग काय फायदा? इनडिझाइनवर (पेजमेकरच्या जागी आलेलं, युनिकोड चालणारं सॉफ्टवेअर) नेऊ का सगळं? कुणी जुन्या प्रकाशकांना त्यासाठी तयार केलं असेल तर कसं केलं तेही सांगा, कारण त्यांच्याशी बोलायचं म्हटलं की माझीच पाठ दुखायला लागते.

भर: लॅपटॉप स्टँड आणि वेगळा कीबोर्ड घ्या म्हणणाऱ्यांना, दोन्ही आहेत. माउस डाव्या हाताने वापरून बघा हे आवडलं, आजपासून करतेय, सध्या चित्र उजवीकडे ओढायचं तर डावीकडे जातंय. स्कूटर बंद करा म्हणालात ते पटतं हो, पण प्रूफं घेऊन बसने जायचं तर अर्धा दिवस जातो. आमच्या गल्लीतच तीन स्पीडब्रेकर आहेत, तिथे उतरून ढकलत नेते, लोक बघतात, बघू देत.

भर २: फोटो फोनवर न बघता मॉनिटरशेजारी प्रिंट लावा ही सूचना फार कामाची निघाली. सासऱ्यांचा पोथी वाचायचा घडीचा लाकडी स्टँड माळ्यावर होता, तो टेबलावर स्क्रीनला लागून ठेवला, मान एकदम सरळ. सासूबाईंनी आधी त्याला हळदकुंकू लावलं, मग दिला. 'ऱ्या'चं मात्र अजून कुणीच सांगितलं नाहीये. एकजण म्हणाले कन्व्हर्ट करण्याआधीच युनिकोडमध्ये सगळे 'ऱ्य' शोधून जागी एखादी खूण टाका, 'क्ष१' सारखी, आणि पेजमेकरमध्ये ती बदला. कुणी हे करून पाहिलंय का? संध्याकाळी एका कथेवर करून बघते, जमलं तर इथेच लिहीन.