विम्याच्या तक्त्यात फ्लॅट मोजायचे की माणसे?

क-२०१ (सकाळी ८.१२)
सर्वांना नमस्कार. काल चेअरमन साहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या तक्त्यात ‘आरोग्य विमा असलेल्या सदनिका : ८४ पैकी ७१’ असे लिहिले आहे आणि त्या ७१ मध्ये आमची सदनिका धरलेली आहे. ही नोंद चुकीची आहे. यजमानांची हिंजवडीतली नोकरी गेल्या महिन्यात सुटली, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. गुरुवारी रात्री धाकटीला डेंग्यूमुळे दाखल करताना मी रुग्णालयाच्या खिडकीवर नेहमीचे कार्ड दिले, तेव्हा समोरच्या मुलीने संगणकात पाहून सांगितले की कंपनीच्या गटविम्यातून आमची चारही नावे नोकरीच्या शेवटच्या दिवशीच निघालेली आहेत. चाळीस हजार रुपये अनामत भरल्यावरच खाट मिळाली आणि त्यातले पंचवीस हजार क-२०२ च्या वहिनींनी रात्री साडेअकराला लिफाफ्यात घालून आणून दिले. आता तिच्या प्लेटलेट वाढत आहेत. पण आमच्या घरावर ‘विमा आहे’ अशी खूण ठेवू नका, ती पाहून मला काल झोप लागली नाही.

ब-१०२, चेअरमन (८.३१)
वहिनी, मुलीची प्रकृती सुधारते आहे हे वाचून बरे वाटले. तक्ता आपण सर्वांनी मार्चमध्ये स्वतः भरून दिलेल्या अर्जांवरून तयार केला आहे, त्यात समितीने मनचे काही घातलेले नाही. बदल कळवला असता तर दुरुस्ती लगेच झाली असती. समितीतले लोक आपापली कामे सांभाळून हे करतात, एवढे ध्यानात असावे.

अ-६०४ (८.४०)
चेअरमन साहेब, दोष अर्जाच्या तारखेचा नाही, प्रश्नाचा आहे. अर्जात विचारले होते, ‘आपल्याकडे आरोग्य विमा आहे का?’ घरातल्या एकाचा असला तरी माणूस ‘हो’ लिहितो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४१ टक्के कुटुंबांमध्ये किमान एका व्यक्तीला विमा किंवा सरकारी योजनेचे संरक्षण असल्याचे आढळले, पण त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना वेगळे विचारले तेव्हा प्रमाण ३० टक्के आले आणि पुरुषांचे ३३. एका माणसाच्या कार्डावर सगळे घर विमाधारक ठरते, ते असे. म्हणून माझी विनंती आहे की फ्लॅट मोजू नका, माणसे मोजा.

क-५०१ (८.५२)
काकांचे म्हणणे रास्त आहे. मी विम्याच्या व्यवसायात असल्यामुळे सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. ज्यांनी महाग म्हणून पॉलिसी सोडली होती, त्यांनी पुन्हा हिशेब करून पाहावा. मी रविवारी क्लबहाउसमध्ये बसू शकेन.

ब-७०२ (८.५५)
दादा, राग मानू नका, पण एका घरातले लेकरू रुग्णालयात असताना पॉलिसी विकण्याची ही वेळ नव्हे.

क-५०१ (९.०३)
ताई, मी विकायला बसतो असे लिहिलेले नाही. वहिनींना परवा रात्रीच फोन करून मी सांगितले की आज पॉलिसी घेतली तरी पहिले तीस दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा क्लेम मिळत नाही, त्यामुळे या वेळच्या रुग्णालयाच्या खर्चासाठी धावपळ करू नये. ज्यात माझा एक रुपया नाही असा सल्ला मी आधी दिला आहे. नोकरी सुटताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते आणि गटविम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात (ज्या काळात काही आजारांचा क्लेम मिळत नाही, त्यात) धरली जातात. यजमानांना हे कंपनीत कोणी सांगितले नाही याचे मला वाईट वाटते.

क-२०१ (९.०६)
हे खरे आहे, दादांनी फोन केला होता. कृपया यावरून वाद नको.

ब-४०१ (९.२०)
मी अमेरिकेत लेकीकडे असते, म्हणून तिथले सांगते. तिथे विमा नसलेल्यांची मोजणी माणशी होते आणि मुलांची वेगळी होते. २०२३ मध्ये एकूण लोकसंख्येत ८ टक्के लोकांना वर्षभर विमा नव्हता, पण १९ वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ५.८ टक्के होते, कारण मोठ्यांना विमा नसला तरी कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी १९९७ पासून सरकारची वेगळी योजना आहे. आदल्या वर्षी मुलांचा आकडा ५.४ होता. तो थोडासा चढला तरी लगेच दिसला, तो वेगळा मोजला होता म्हणूनच. आपल्या तक्त्यात मुलांचा रकानाच नाही.

ब-१०२, चेअरमन (९.२८)
काकू, अमेरिकेची तुलना आपल्या चौऱ्याऐंशी घरांच्या सोसायटीला कशी लागू होईल? इथे प्रत्येक घराची माहिती प्रत्येकाला हवी आणि अर्ज मात्र वेळेवर कोणी देत नाही. ज्येष्ठांच्या माहितीसाठी मी स्वतः तीन वेळा दारे वाजवली आहेत.

अ-६०४ (९.३१)
दारे वाजवलीत याबद्दल आभार आहेतच. तरी पुन्हा लिहितो, फ्लॅट मोजू नका, माणसे मोजा.

अ-३०३, सचिव (९.४५)
ज्येष्ठांचा विषय निघालाच आहे म्हणून नोंदवते. ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येते. आपल्याकडे सत्तरीपुढचे सव्वीसजण आहेत. कार्ड काढल्याचे फक्त सातजणांनी कळवले आहे.

ब-१०१ (९.५८)
कार्ड असणे आणि पैसे मिळणे यांत अंतर आहे, ते मी अनुभवले आहे. माझ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पॉलिसी ३ लाखांची होती आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. रुग्णालयात खाली कोपऱ्यातल्या खिडकीवर विचारले तर तिथल्या माणसाने मान वर न करता ‘सहा हजारांचीच खोली शिल्लक आहे’ म्हणून सही घेतली. डिस्चार्जच्या दिवशी कळले की भाडे दुप्पट झाल्यामुळे सर्जनची, भूलतज्ज्ञाची आणि शस्त्रक्रियागृहाची रक्कमही निम्मीच मंजूर झाली आहे. औषधांवर आणि तपासण्यांवर अशी कपात करता येत नाही, हे मला नंतर समजले, तोवर मी सगळे भरून मोकळा झालो होतो. डिस्चार्ज दुपारी बाराला सांगितला आणि घरी यायला रात्रीचे नऊ वाजले, ही मात्र मागची गोष्ट. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे, त्यामुळे आता तसे झाले तर वेळ लिहून ठेवावी आणि तक्रार करावी. नव्या अर्जात ‘खोलीभाड्याची मर्यादा किती’ असा एक रकाना ठेवावा, ही विनंती.

ब-७०२ (१०.१०)
आणि वॉचमन? तक्त्यात त्यांचा उल्लेखही नाही. रात्रपाळीच्या मामांच्या मुलाला गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, तेव्हा आपण ग्रुपवर वर्गणी काढली. ती काढावी लागली, हे मला अजून खटकते.

अ-४०२ (१०.१४)
वॉचमन एजन्सीचा माणूस आहे. त्याच्या विम्याशी सोसायटीचा काय संबंध? उद्या घरकामाच्या बायकांचा विमाही मेंटेनन्समधून भरायचा का?

ब-७०२ (१०.२५)
मेंटेनन्समधून एक रुपयाही वाढवायला मी सांगत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू होतो. कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात, म्हणजे १६,००० वेतनावर १२० आणि ५२० रुपये. त्यात त्याची पत्नी आणि मुलेही येतात आणि बिबवेवाडीला त्यांचे रुग्णालय आहे. एजन्सीच्या बिलात दर महिन्याला ‘ईएसआय’ अशी ओळ असते आणि ते पैसे आपण भरतो. मामांना विचारले तर त्यांना विमा क्रमांकच माहीत नाही. आपण भरलेला पैसा त्यांच्या नावावर जातो का, याचे चलन (भरल्याची पावती) मागणे हा सोसायटीचा हक्क आहे, आणि मागत नाही हा आपला दोष आहे.

अ-४०२ (१०.३२)
बिलात ती ओळ आहे हे मला माहीत नव्हते. चलन मागावे, माझा विरोध नाही.

अ-३०३, सचिव (१०.३८)
मागच्या तीन महिन्यांची चलने मी आजच मागवते. घरकामाच्या ताईंबद्दल सांगायचे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू असून संरक्षण दीड लाखाऐवजी ५ लाखांचे आहे. उपचार यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेतले हवे, एवढे पाहावे लागते. आमच्याकडच्या मावशींनी काल पदरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शिधापत्रिका काढून दाखवली. कोपरा भिजून गेला आहे आणि नातवाचे नाव त्यात घातलेलेच नाही. ते मूल घरात आहे पण कागदावर नाही, म्हणून योजनेतही नाही. सोमवारी त्यांच्याबरोबर शिधावाटप कार्यालयात मी जाणार आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे आणि हृदयाचे आजार अंगणवाडीत व शाळेत तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे, तो कोणी विचारत नाही.

क-४०३ (१०.४१)
या निमित्ताने पाण्याच्या टाकीच्या सफाईचेही पाहावे.

अ-६०४ (१०.४२)
ताई, टाकीसाठी वेगळा संदेश टाकावा, इथला विषय अर्धवट राहील. मुले, स्त्रिया, सत्तरीपुढचे, नोकरीच्या विम्यावर असलेले आणि इथे काम करणारे, असे वेगळे रकाने करावेत. फ्लॅट मोजू नका, माणसे मोजा.

ब-१०२, चेअरमन (१०.५०)
काका, आपण हे तिसऱ्यांदा लिहिले आहे आणि तिन्ही वेळा मी वाचले आहे.

अ-६०४ (१०.५३)
आपण वाचले, याबद्दल शंका नाही. मला ते तक्त्यात पाहायचे आहे. मंडळीची कंपनीच्या निवृत्तांच्या पॉलिसीत नोंदच झालेली नव्हती, हे मला तिला दाखल करताना कळले. त्याआधी मीही अर्जावर ‘हो’ असेच लिहीत होतो.

क-२०१ (११.०५)
काका, हे ठाऊक नव्हते. धाकटी आज सकाळी पोळी मागते आहे, हे आपल्या सर्वांना कळवते.

ब-१०२, चेअरमन (११.४०)
घरी बसून माझाच अर्ज पुन्हा भरून पाहिला. आम्ही सहा माणसे आहोत. माझा आणि सौभाग्यवतींचा मेडिक्लेम आहे. चिरंजीव आणि सूनबाई कंपनीच्या विम्यावर आहेत. आईचे वय ८१ असूनही वय वंदना कार्ड काढलेले नाही. नात अकरा महिन्यांची आहे, तिचे नाव सूनबाईंच्या कंपनीत घालायचे राहून गेले आहे, असे आत्ता चिरंजिवांनी सांगितले. मार्चमध्ये मी ‘हो’ लिहिले होते. सचिव ताई, ७१ चा आकडा फलकावरून उतरवावा आणि नवीन अर्ज माणशी छापून घ्यावेत. पहिला अर्ज माझा लिहून घ्या : सहापैकी चार.