पाडव्याआधी घरातील वस्तू आणि नित्यकर्मे यांची फेरमांडणी : सल्ला हवा

डहाणूकर कॉलनी

नमस्कार मंडळी. येत्या 19 मार्चला गुढीपाडवा आहे आणि शके 1948 सुरू होण्यापूर्वी आम्हाला घर मनापासून आवरायचे आहे. सासूबाईंचे वर्षश्राद्ध माघात झाले. गेल्या पाडव्याला आम्ही गुढी उभारली नव्हती, त्यामुळे यंदाची गुढी त्यांच्या पश्चात उभारली जाणारी पहिलीच गुढी असेल. त्यांनी शनिवार पेठेतल्या वाड्यातून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये येताना आणलेला संसार अजून तसाच आहे : पितळेची पातेली, तांब्याचा हंडा, घंगाळ, एक ट्रंक भरून लुगडी, देवघरातल्या आणि देवघराबाहेरच्या कितीतरी तसबिरी, आणि माळ्यावर लाल रुमालात बांधलेले कागद, ज्यांतले काही मोडी लिपीत आहेत.

दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. सासूबाईंची देवपूजा तासभर चालत असे. मी आणि यजमान दोघेही सकाळी आठच्या आत घर सोडतो. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, आता खाली बसवत नाही, पण पूजा थांबलेली त्यांना सहन होत नाही. काय ठेवावे, काय द्यावे आणि पूजेचे काय करावे, याविषयी अनुभवी लोकांनी सांगावे. सगळे एकदम काढून घर मोकळे करण्याची मला घाई नाही, परंतु आहे तसे पुढे ढकलायचेही नाही.

औंधकर

वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती देऊन टाकावी. आमच्याकडे हा नियम आहे आणि त्यामुळे कपाटे मोकळी राहतात.

कसबेकर

औंधकर यांचा नियम कपड्यांना आणि डब्यांना चालेल, पण आपल्या घरांत पुष्कळ वस्तू वर्षातून एकदाच बाहेर निघतात आणि त्या एका दिवशी त्यांच्यावाचून अडते. गौरींचे मुखवटे, गुढीचा वेळू, दिवाळीतले अभ्यंगाचे घंगाळ, चैत्रगौरीचा झोपाळा यांना हा नियम लावला तर सणच्या सण घराबाहेर जातील. म्हणून मी वस्तूला वेगळा प्रश्न विचारतो : हिचा दिवस आला की आमच्या घरात ती खरोखर निघते का? निघत असेल तर ती ठेवावी आणि दुरुस्त ठेवावी. निघत नसेल तर ज्याच्या घरी निघेल त्याला द्यावी.

आता भांड्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण घाईघाईत सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. जुनी पितळी पातेली मोडीत घालू नका. मोडीत केवळ धातूच्या वजनाचे पैसे मिळतात आणि तसे जाड, हाताने ठोकून घडवलेले पातेले नव्याने घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल. पातेल्याची आतली बाजू उजेडात धरून पाहा. पांढुरका थर सलग असेल तर कल्हई शाबूत आहे. तळाशी किंवा काठाच्या आत पिवळे डाग दिसू लागले असतील तर त्यात आमटी, सार, ताक, चिंचेचे काही करू नये, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेशी लागला की कळकतो आणि तो पोटात जाणे चांगले नाही. तांब्याच्या पाण्याच्या हंड्याला आतून कल्हई लागत नाही. तो केवळ चिंचेने किंवा लिंबू-मिठाने स्वच्छ करावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि कोरडा पुसावा.

कल्हई करून घ्यायची असेल तर कसब्यात तांबट आळीत चौकशी करावी किंवा रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत विचारावे. ती मंडळी करणाऱ्याचा पत्ता सांगतात. शक्य असेल तर काम होईपर्यंत समोर उभे राहावे. पातेले निखाऱ्यांवर चांगले तापवतात, आत नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी टेकवली की कथील पातळ होऊन पसरते, आणि कारागीर कापसाच्या बोळ्याने ते झरझर सगळीकडे फिरवतो. पिवळे पातेले बघता बघता आतून चांदीसारखे होते. शुद्ध कथीलच वापरा, शिसे मिसळलेले नको, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे गॅसवर रिकामे तापत ठेवू नये, त्यात लाकडी उलथने वापरावे आणि तारेची घासणी लावू नये. एवढे पाळले तर रोजच्या वापरातही कल्हई बरेच महिने टिकते.

घरात चौघांना पुरतील एवढीच पातेली ठेवा. उरलेली नणंद, भाचेसुना, शेजारी यांच्यात वाटा आणि देताना कल्हई करूनच द्या. काळवंडलेले भांडे घेणाऱ्याला ओझे वाटते. केलेले भांडे त्याच दिवशी गॅसवर चढते.

दप्तरदार

लाल रुमालाला सध्या हात लावू नका, निदान त्यातले काही फेकू नका. रुमाल सावलीत, पंखा बंद करून उघडावा. कागदांच्या घड्या जोराने उलगडू नयेत, चिकटपट्टी मुळीच लावू नये आणि प्रत्येक पानाचे मोबाइलवर सरळ वरून छायाचित्र घ्यावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात जमाखर्च, खतपत्रे, कौटुंबिक पत्रे मोडीत लिहिणे चालूच होते, त्यामुळे रुमालात वाड्याच्या हद्दीपासून लग्नातल्या आहेरापर्यंत काहीही असू शकते. वाचून घेण्यासाठी सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारावे. 1910 साली स्थापन झालेली ही संस्था अशाच दप्तरांवर उभी आहे आणि मोडी वाचणारे जाणकार तिथे भेटतात. मिळकतीशी संबंधित कागद मात्र वेगळे काढून वकिलांना दाखवल्याशिवाय कोणाकडेही सोपवू नयेत.

सासूबाईंच्या हातची पाककृतींची वही असेल तर ती या सगळ्याच्या आधी जपा.

दवणा

ताई, लुगड्यांविषयी थोडक्यात सांगते. सुती आणि विरलेली असतील त्यांच्या गोधड्या शिवून घ्या. वापरून मऊ झालेल्या सुताची ऊब नव्या कापडाला येत नाही. रेशमी असतील तर कापण्यापूर्वी काठापदराची जर खरी आहे का ते जाणकाराला दाखवा. ठेवायची ती मलमलीत गुंडाळा, घड्या वर्षातून एक-दोनदा बदला आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. वाळवलेली कडुनिंबाची पाने किंवा वेखंड पुरेसे आहे.

पूजेविषयी मात्र मला मनापासून सांगायचे आहे. तुमच्यापुढे तासभराची पूजा किंवा काहीच नाही, असे दोनच मार्ग नाहीत. आपल्या परंपरेतच लहानमोठे प्रकार आहेत. सोळा उपचारांची षोडशोपचार पूजा असते, तशी गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य या पाच उपचारांची पंचोपचार पूजाही असते आणि तीही पूर्ण पूजाच मानतात. रोज सकाळी निघण्यापूर्वी पंचोपचार करा. पाडवा, चैत्रगौर, गणपती, नवरात्र अशा दिवशी सोळा उपचार करा. यामुळे पूजा तुमच्या दिवसात बसेल आणि सणाला सणाचे वेगळेपण राहील.

दुसरे असे, की नाना आहेत तोवर हा निर्णय त्यांना सांगून नव्हे, विचारून करा. देवघर त्यांना खुर्चीत बसून हात पोचेल अशा उंचीवर आणता येईल का पाहा. आमच्या ओळखीच्या एका घरी देवघर भिंतीवरून काढून बळकट मेजावर मांडले आणि तिथले आजोबा तेव्हापासून देवांना स्नान स्वतः घालतात, सूनबाई केवळ फुले आणि नैवेद्य पाहते. कामाची अशी वाटणी झाली तर एकाही माणसावर भार पडत नाही, आणि वयस्कर माणसाला सकाळी उठून करण्यासारखे आपले असे काही राहते.

नव्या वर्षाचा संकल्प करायचा असेल तर पूजेतल्या संकल्पाकडेच पाहावे असे मला वाटते. त्यात आधी शक, संवत्सर, मास, तिथी येते, आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहोत हे येते, आपले नाव-गोत्र येते आणि मग एकच कर्म उच्चारले जाते. कोण, कुठे, केव्हा आणि नेमके काय, हे सगळे ठरलेले असते. ‘यंदा शांतपणे जगायचे’ असे मोघम ठरवण्यापेक्षा ‘सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसातला मी दिवा लावीन’ असे ठरवलेले बरे.

डहाणूकर कॉलनी

सर्वांचे मनापासून आभार. दवणाताई, तुमचा निरोप मी नानांना वाचून दाखवला. देवांना स्नान ते घालणार म्हणाले, आणि मेजाची उंची त्यांनीच सुताराला सांगायची असेही ठरवून टाकले. पातेल्यांपैकी दोन ठेवतो आहोत आणि बाकीची नणंदांना कल्हई करून देतो आहोत. आता तसबिरींचा प्रश्न उरला आहे. काही पार फिकट झाल्या आहेत, दोन-तीन फुटल्या आहेत. पिंपळाखाली ठेवून येण्यास माझे मन धजत नाही. तसेच गुढीला नवे वस्त्र आणावे, की सासूबाईंचे चालेल?

कसबेकर

पिंपळाच्या पारावर किंवा मुठेत काहीही सोडू नका. देवाच्या तसबिरी पावसात भिजत, कुत्र्यांच्या पायाखाली येत पडून राहतात, हे आपण पेठांत रोज पाहतो आणि त्यात कोणाचाच मान राहत नाही. घरी एकदा गंध-फूल वाहून नमस्कार करावा, काच, चौकट आणि पत्रा सुटे करावे. चित्र साध्या कागदावर असेल तर बादलीत भिजवून त्याचा लगदा कुंडीतल्या मातीत मिसळावा. गुळगुळीत, प्लॅस्टिकचा थर असलेले चित्र मातीत घालू नये, ते सुक्या कचऱ्यात द्यावे. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून वेगळी द्यावी, म्हणजे कचरावेचक ताईंचा हात कापणार नाही.

दवणा

गुढीला सासूबाईंचेच लुगडे नेसवा. धुतलेले आणि न फाटलेले एवढेच पाहा. दिवसभर उन्हात राहणार असल्यामुळे फार जुने, जरीचे रेशमी लुगडे निवडू नका. नवेच हवे अशी नानांची इच्छा असेल तर खण आणावा. सूर्यास्तापूर्वी हळदकुंकू वाहून, नैवेद्य दाखवून गुढी उतरवली की वस्त्र झटकून, सावलीत वारा देऊन मगच घडी करा.

कसबेकर

एक राहिले. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात कल्हईवाल्यांकडे गर्दी होते, म्हणून पातेली याच शनिवारी घेऊन जा. हंडाही बरोबर न्या, कारण बूड चेपले असेल तर ते तिथेच ठोकून सरळ करून मिळते.