मदत हवी आहे : सेप्टिकच्या माउंडच्या पायथ्याशी ओल येतेय

जमिनीतलं पाणी खूप वर आहे म्हणून शोषखड्डा न करता सेप्टिक टँकच्या पुढे वाळूचा माउंड (सांडपाणी जिरवायचा उंचवटा) केलाय, पंप टँकमधलं पाणी थोडं थोडं वर त्यातल्या भोकांच्या पाइपांत ढकलतो. आता उताराच्या बाजूला पायथ्याशी गवत एकदम हिरवंगार झालंय, पाय ठेवला की पचपच होतं, वास येतो आणि पंपाचा अलार्मही मधूनच वाजतो. टँक उपसून घेतला, फिल्टर धुतला, कमोडचा फ्लश गळत नाहीये ना तेही बघितलं. मग पाइपची भोकं बुजली असतील का? पाइपच्या टोकाची झाकणं उघडून पंप चालू ठेवूनच ते फ्लश करतात (आतून धुतात) ना? की वाळूच चोक झालीय, म्हणजे अख्खा माउंड उकरायचा? मुलं तिकडेच खेळतात (सध्या बंद केलंय), त्यामुळे खूप टेन्शन आलंय, कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.