सर्व्हर चालू आहे का बघायला नुसतं पिंग पुरतं का? आमच्यात यावरून भांडण झालंय

रावेरचा_पोऱ्या
आमचं केळीचं पॅकिंग हाऊस आहे सावद्याकडे. बिलिंगचा सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतलेला, लिनक्स. मी मागच्या वर्षी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) दर ५ मिनिटांनी पिंग मारते, म्हणजे नेटवरून सर्व्हरला हाक मारते, उत्तर नाही आलं की मला टेलिग्रामवर मेसेज. मस्त चाललं होतं. परवा रात्री तिकडे डिस्क भरली, डेटाबेस आडवा झाला, आणि स्क्रिप्टचं आपलं रात्रभर ओके ओके ओके. पहाटे साडेपाचला दिल्लीच्या गाड्या भरून उभ्या, बिल्टी निघेना, ड्रायव्हर हॉर्न मारताहेत आणि मोठे काका मला विचारताहेत की तुझं ते मशीन रातभर काय राखण करत होतं!
माझं म्हणणं पिंग काढूनच टाका, थेट लॉगिनचं पान उघडून बघा. पार्टनर म्हणतो पिंग बरोबर होतं, डिस्कवर लक्ष नाही ठेवलं ती तुझी चूक. तुम्ही सांगा भो.

पांझराकाठचा
पार्टनर बरोबर. माइक मूस यांनी १९८३ साली पिंग लिहिलं ते नेटवर्क कुठे अडकतंय ते शोधायला, तुमची बिल्टी निघते का बघायला नाही. त्याने त्याचं काम केलं ना? मशीनपर्यंत रस्ता आहे, मशीन जागं आहे, संपलं. विळ्याने दाढी करायची आणि कापलं की विळ्याला शिव्या द्यायच्या.

अमळनेरवाली
दादा पण त्याचा प्रश्न "सर्व्हर चालू आहे का" हा होता, आणि पिंग त्याचं उत्तर देतच नाही. पिंगला उत्तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, देतो, तुमचा कुठलाच प्रोग्राम देत नाही. डेटाबेस मेला, वेबसर्व्हर मेला, डिस्कवर तीळ ठेवायला जागा नाही, तरी कर्नल हूं म्हणत राहतो. गेटवरचा वॉचमन सांगतोय "साहेब आहेत आत", आणि साहेब आत चक्कर येऊन पडलेले.
उलटंही होतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर नवीन सिक्युरिटी ग्रुप (आत-बाहेर कोणाला सोडायचं त्याचे नियम) केला की बाहेरून येणारं सगळं आधी बंदच असतं, मग आपण फक्त वेबचा पोर्ट, म्हणजे वेबचं दार, उघडतो आणि पिंग तसंच अडकलेलं राहतं. साइट छान चालू आणि स्क्रिप्ट बोंबलतेय डाऊन डाऊन. माझे दोन दिवस गेलेत यात, म्हणून एवढं तळमळून लिहितेय.

भुसावळ_जंक्शन
मधला रस्ता घ्या ना, एनसीने (पोर्टला कनेक्शन लागतं का बघणारी कमांड) पोर्ट तपासा, ३ सेकंदाचा टाइमआउट द्या. ४४३ (सुरक्षित वेबचा पोर्ट) उघडा तर चालू.

अमळनेरवाली
तेही कर्नलच करतो हो! कनेक्शन जोडून रांगेत ठेवणं त्याचं काम, प्रोग्राम लटकलेला असला तरी रांग भरेपर्यंत पोर्ट उघडाच दिसतो. पान मागवल्याशिवाय काही कळत नाही. आणि कर्लला (पान मागवणारी कमांड) एफ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर ५०० ची (सर्व्हर बिघडल्याची) एरर आली तरी कर्ल खुशाल शून्य, म्हणजे सगळं ठीक, घेऊन बाहेर पडतं आणि स्क्रिप्टला वाटतं झालं काम. त्यातही काही सॉफ्टवेअर "डेटाबेस जोडता आला नाही" हे २०० (पान ठीक असल्याचा कोड) देऊन छापतात, म्हणून पानावरचा एखादा ठरलेला शब्द शोधायचा.

पांझराकाठचा
हां, आणि मग महिनाअखेरीला बिलं जास्त, पान उघडायला १२ सेकंद, टाइमआउट १० चा, रात्री दोनला मेसेज. असं चार वेळा झालं की माणूस ग्रुप म्यूट करतो, पाचव्यांदा खरंच बंद पडतं तेव्हा कोणी बघत नाही. पिंग बावळट असेल पण खोटी बोंब कमी मारतं.

अमळनेरवाली
लागोपाठ तीनदा फेल झालं तरच मेसेज. जुनी स्थिती एका फाइलीत लिहून ठेवा, बदल झाला तरच बोला. सहा ओळी वाढतात.

गोलाणीतला_टेक्निशियन
पोऱ्या, स्क्रिप्ट चालते कुठून ते तर सांग. विंडोजवर असेल तर अजून एक गंमत, राउटरने "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असं उत्तर दिलं तरी तिथलं पिंग त्याला उत्तर आलं असंच धरतं आणि एररलेव्हल (कमांडचा निकाल) शून्य. आउटपुटमध्ये टीटीएल हा शब्द आला तरच खरं मानायचं.

रावेरचा_पोऱ्या
पॅकिंग हाऊसवरच्याच जुन्या पीसीवर, उबुंटू आहे 🙈

गोलाणीतला_टेक्निशियन
घ्या! म्हणजे तुमच्याकडची लाईट गेली की राखणदारच झोपला. आणि पीसी इन्व्हर्टरवर असला पण राउटर नसला तर मुंबईचा सर्व्हर बंद असं लिहून ठेवणार, तेही तुला पोचणार नाही कारण नेट नाही. मे महिन्यात आपल्याकडे लाईटीचं काय होतं माहीत आहे ना. आधी ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग मारून विचार, तेच बोलत नसेल तर आपली लाईन गेलीय, गप बस. मी तर म्हणतो स्क्रिप्ट दुसऱ्याच कंपनीच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर टाक.

पांझराकाठचा
बघा, इथे पिंगच लागलं ना परत.

अमळनेरवाली
पिंग नको असं मी कुठे म्हटलं, एकटं नको म्हटलं. पान उघडलं नाही की मग पिंग मारा, म्हणजे कळेल मशीन मेलंय की फक्त सॉफ्टवेअर.

पांझराकाठचा
वर पहिल्या पोस्टीत पोऱ्याने "पिंग काढूनच टाका" लिहिलंय, मी त्याला बोलत होतो ताई.

भुसावळ_जंक्शन
खरं शे भाऊ 😄

रावेरचा_पोऱ्या
बरं, पान आधी, पिंग नंतर, आणि स्क्रिप्ट बाहेर हलवतो. पण आज डिस्क उघडून बघितली तर ३१ जीबी नुसते लॉग निघाले, दोन वर्षांचे, कोणी हातच नव्हता लावला.

पांझराकाठचा
पार्टनरला चहा पाज.