शब्द आपलाच, खुर्ची वेगळी

कुणीतरी लिहिलंय की मलेशिया-इंडोनेशियाकडच्या मलय भाषेतला 'मन्तरी' म्हणजे आपलाच 'मंत्री', तेव्हा कामही तेच असणार. शब्द संस्कृतातून गेलाय हे खरं. 'पर्दाना मन्तरी' म्हणजे पंतप्रधान; त्यातला पर्दाना म्हणजे आपल्या पंतप्रधानातला प्रधानच. काम मात्र देशागणिक बदलतं.

मलेशियाचा ढाचा ब्रिटिश वळणाचा, मंत्री संसदेच्या कुठल्यातरी सभागृहातलाच हवा. पण राज्यांत बघा: वंशपरंपरागत राजे असलेल्या 9 राज्यांत मुख्यमंत्र्याला 'मन्तरी बसार', म्हणजे थोरला मंत्री, म्हणतात. पेनांग राज्याला असा राजा नाही, म्हणून तिथे नुसता 'कतुआ मन्तरी', म्हणजे प्रमुख मंत्री. शेजारच्या ब्रुनेई देशात तर सुलतानच पंतप्रधान, वर अर्थ, संरक्षण आणि परराष्ट्र खातीही त्यांच्याकडेच. अविश्वास ठराव आणायचा कुणावर!

इंडोनेशियात मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि तेच काढतात. खासदार असण्याची गरज नाही. आणि जावाच्या खेड्यात 'मान्त्री' म्हटलं, तर लाल दिव्याची गाडी नव्हे, इंजेक्शन टोचणारा आरोग्यसेवक डोळ्यांसमोर येतो. बुद्धिबळात आपण ज्याला वजीर म्हणतो, तोही तिकडे 'मन्तरी'च.