१५ फेब्रुवारी २००३ चे युद्धविरोधी मोर्चे वाया गेले का?

प्रश्न: पोलिसांच्याच अंदाजाने एकट्या लंडनमध्ये साडेसात लाख माणसं रस्त्यावर होती. तरी २० मार्चला इराकवर हल्ला झालाच. नेमकं अडलं कुठे?

प्रतिसाद १: वॉशिंग्टनचा निर्णय जवळजवळ झालेला होता, फौज कुवेतमध्ये जमत होती. गर्दीचा दाब जिथे मतदान बाकी असतं तिथेच लागतो. तुर्कस्तान बघा. १ मार्चला अंकारात प्रचंड निदर्शनं चालू असताना संसदेत अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव आला. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. हजर ५३३ जणांचं बहुमत म्हणजे २६७, तीन मतं कमी पडली! उत्तरेकडून घुसायची योजना बारगळली आणि चौथ्या पायदळ डिव्हिजनची जहाजं कुवेतकडे वळवावी लागली. याला वाया जाणं कसं म्हणायचं?

प्रतिसाद २: सहमत. ब्रिटनमध्ये १८ मार्चला सत्ताधारी मजूर पक्षाच्याच १३९ खासदारांनी युद्धविरोधी दुरुस्तीला मत दिलं, पण विरोधी बाकांवरचा हुजूर पक्ष सरकारच्या पाठीशी होता, म्हणून ती ३९६ विरुद्ध २१७ ने पडली. मोर्चेकऱ्यांनी विरोधी बाकांकडे फार उशिरा लक्ष दिलं, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईचा ठराव मात्र २८५ विरुद्ध २७२ ने फेटाळला गेला. तेव्हा सभागृहात इराकचीच आठवण निघत होती.

प्रतिसाद ३: शिवाय एकच दिवस ठेवला की सरकार तो दिवस फक्त काढतं. १९६९ च्या व्हिएतनाम मोरॅटोरियममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनात, म्हणूनच दर महिन्याला एक दिवस वाढवायचं ठरलं होतं.